इंदूबाईंच्या ओव्या कुलपात

पातूरच्या इंदूबाई तायडे यांनी बारा वर्षांपूर्वी पीएचडी करणाऱ्या एका माणसाला आपल्या साठ ओव्या गाऊन दिल्या. तो डॉक्टर झाला आणि पुन्हा फिरकला नाही. धाकट्या बहिणीच्या मरणावर रचलेली ओवी आता त्यांना आठवेना, म्हणून त्याचा प्रबंध पाहायला त्या एसटीने अमरावतीच्या एका ग्रंथालयात आल्या. मी तिथेच वाचत बसले होते.

"प्रबंध असा कोणालाही देत नाही, आजी. मार्गदर्शकाचं पत्र आणा," कर्मचारी म्हणाला.

"माह्याच वव्या पाह्याले मलेच पत्र? काहून बाप्पा, चोरून नेऊन राहिली का मी?"

माझं डोकं फिरलं. मी माझ्या संशोधक विद्यार्थिनीच्या कार्डावर प्रबंध काढून घेतला. ओवी सापडली. तिच्याखाली टाइप केलं होतं, 'निवेदक : एक अशिक्षित वृद्धा'. संशोधकाचं नाव मात्र पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत होतं. वाचून दाखवायची मला लाज वाटली, तरी वाचलं.

झेरॉक्सला मनाई होती, म्हणून मी ओवी वहीत उतरवायला घेतली.

"थांब वं पोरी," त्या म्हणाल्या. "आंधी माह्यं नाव लिही. पुरं लिही."