काळ्या काचेचा हट्ट

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. तशी ती आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. कुठल्याही लग्नात पंगत उठली की कुणीतरी ती सांगतंच, आणि मी शेजारी बसून मान डोलावतो. मी टाळलं ते एवढंच सांगायचं, की ती खोटी आहे आणि खोटी मी केली आहे.

गोष्टीतल्या वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ लवकर गेला आणि वहिनी इथे तंजावरला आमच्याच घरी राहिल्या. ओरत्तनाडूकडचं त्यांचं माहेर गोषातलं. तिथल्या बायका बाहेर निघाल्या की बैलगाडीला चारी बाजूंनी पडदे लागत. पुढे पडदे गेले, वहिनी पायी बाजाराला जाऊ लागल्या, भाजीवालीशी तमिळमध्ये भांडू लागल्या. ती भाजीवाली त्यांना वचकून असे. तरी गाडीत बसल्या की त्यांना तो पडदा आठवायचा, आणि त्या जराशा अवघडून बसायच्या.

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी मोटार घेतली. आधीच्या मालकानं काचांना काळीकुट्ट फिल्म चिकटवलेली होती. वहिनी मागच्या सीटवर बसल्या, बाहेर पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला सगळं जग दिसतं आणि जगाला आपण दिसत नाही. झालं. कुंभकोणमच्या रस्त्याला लागलो की त्यांचं सुरू व्हायचं. मोपेडवर नारळ लादून चाललेल्या माणसाला बघून म्हणायच्या, "नारळांना जागा आहे, बायको मागून चालते आहे." एखाद्या दारापुढे रांगोळीचा कोलम दिसला की, "हा सुनेनं काढलाय. सासू असली वाकडी रेघ ठेवायची नाही." कालव्यावर आंघोळ करणारे, बसथांब्यावर पोट सावरून उभे असलेले, कुणी सुटायचं नाही. माझी बायको पुढच्या सीटवर हसून हसून डोळे पुसायची, आणि मला गाडी सरळ ठेवणं अवघड जायचं. त्या गाडीत आम्ही तिघं जितके हसलो, तितके घरात कधी हसलो नाही.

मग एका सकाळी वर्तमानपत्रात आलं, की सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांच्या काचांवरच्या फिल्म काढायला सांगितल्या आहेत. बायकोनं ते मोठ्यानं वाचलं. वहिनी शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "काढून टाका हो भाऊजी. मी पदर ओढून बसेन. पोलिसाच्या तोंडी कशाला लागायचं?"

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. ते त्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. आकडा दिसला की मला राहवत नाही, आणि मोटारींच्या नियमात आकडे होते. पुढच्या आणि मागच्या काचेतून सत्तर टक्के प्रकाश आरपार यायला हवा, बाजूच्या काचांतून पन्नास टक्के. म्हणजे बाजूला निम्मा अंधार चालतो, असं मी गणित मांडलं. दुकानात जाऊन जुनी फिल्म काढवली आणि फिकी पसंत केली. पसंत कशी केली? फिल्म डोळ्यांपुढे धरायची आणि पलीकडचं वर्तमानपत्र वाचायचं. अग्रलेख वाचता आला, अर्थात पन्नास टक्के. दुकानदारानं मान हलवली. गिऱ्हाईक मास्तर असलं की दुकानदार वाद घालत नाही. बायको म्हणाली, "आता काळा कोट शिवून घ्या." वहिनींनी पुन्हा विचारलं, नक्की चालेल ना? मी म्हणालो, "वहिनी, कायदा मला कळतो."

पुढे एका भाचीच्या लग्नाला पापनाशमला निघालो. गावाबाहेर कालव्याच्या वळणावर पोलीस उभे होते, आणि त्यांच्यात एक तरुण बाई सब-इन्स्पेक्टर होती. तिनं हात केला. मागून वहिनींचा आवाज आला, "टोपी छान शोभते हो बाईला. पट्टा मात्र ढिला आहे."

मी उतरलो आणि रस्त्याच्या कडेला तास घेतला. सत्तर, पन्नास, निम्मा प्रकाश, अग्रलेख. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग काचेच्या कोपऱ्यात नख घालून फिल्मचं टोक उचललं आणि सांगितलं, की सर, ते टक्के काचेचे. काच कारखान्यातून तशी बनून आली, तर मोजायची. वरून चिकटवलेलं काहीच चालत नाही, फिकं असो की गडद.

सगळ्या पोरांना मी जन्मभर सांगत आलो, आधी प्रश्न वाचा, मग आकडेमोड करा. मी स्वतः प्रश्नच वाचला नव्हता. तेवढं कबूल करून दंड भरला असता, तर ही गोष्ट घडलीच नसती. पण लग्नाला चाललेल्या दोन ओळखीच्या गाड्या मागे येऊन थांबल्या होत्या. त्यात माझे विद्यार्थी होते. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तमिळमध्ये म्हणालो, "मला ठाऊक आहे, मॅडम. पण आमच्या वहिनी गोषातल्या. काढू देत नाहीत. हट्ट धरून बसल्या, मी काय करू?"

मागची काच खाली आली. वहिनींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्या सब-इन्स्पेक्टरला म्हणाल्या, "होय गं पोरी, हट्ट माझाच. त्याला रागावू नकोस. लहान आहे तो."

मी तेव्हा पासष्टीच्या पुढे होतो. पोलीससुद्धा हसले. फिल्म तिथेच ओरबाडून काढली, दंडाची पावती झाली, आणि एक काळी पट्टी माझ्या वेष्टीला, म्हणजे धोतराला, मागून चिकटली ती थेट मंडपात पोहोचली. लोक विचारायला लागले. मी तोंड उघडायच्या आत वहिनींनी सांगायला सुरुवात केली, आपण कसा हट्ट धरला, पोलीसबाईशी कशा भांडलो. भांडण त्यांनी पदरचं घातलं. मंडप हसून लोटपोट झाला, आणि गोष्ट तयार झाली. आज त्यांना न पाहिलेली पोरंही ती सांगतात: पोलिसांशी भांडलेली हट्टी गोषातली आजी.

परतताना मागची सीट गप्प होती. उघड्या काचेतून ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं आणि त्या पदर धरून बसल्या होत्या. त्यानंतरही त्या गाडीतून येत. पण बोलणाऱ्या बाईला आता सगळं जग पाहू शकत होतं, म्हणून बोलणं थांबलं. मी पडदा लावू का विचारलं, तर म्हणाल्या, "नको, त्या पोरीला पुन्हा हात करावा लागेल." बायको मला एवढंच म्हणाली, "त्यांना सांगा तुम्ही." काय सांगायचं, ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मी ठरवायचो. कॉफीच्या वेळी ठरवायचो, तर त्या कॉफीच्या पितळी वाटीतल्या, डबऱ्यातल्या, फेसाचं कौतुक करायच्या. देवळातून येताना ठरवायचो, तर कुणीतरी भेटायचं. शेवटचं एकदा त्यांना घेऊन पापनाशमकडे चाललो होतो. ते वळण आलं. मी गाडी हळू केली आणि म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी..."

"काच वर करा हो भाऊजी, धूळ येते," त्या म्हणाल्या.

मी काच वर केली. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या.

नंतर काचांचे नियम पुन्हा जरा बदललेत असं ऐकतो. मी आता त्यात पडत नाही. मला फक्त ते वाक्य पुरं करायचं होतं: वहिनी, त्या दिवशी हट्ट माझा होता. तुम्ही काढा म्हणाला होतात. मी चारचौघांत तुमच्यावर ढकललं, आणि तुम्ही मला सांभाळून घेतलंत. मला माफ करा, आणि पुन्हा बोला हो गाडीत.