पाचव्या माळेला घट हलला

माझी भक्ती किती कच्ची आहे, हे ज्या सकाळी मला कळलं तिची ही हकिगत. सांगताना आजही लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर काही वर्षांनी. आंबागडच्या बाजूला आमचं मातीच्या भिंतींचं, कवेलूंच्या छपराचं घर. आमच्याकडे पूर येतो, वाघ येतो. भूकंप यायचा तो टीव्हीत, दुसऱ्यांच्या गावी. नवरात्राचा पाचवा दिवस होता. नवरा तुमसरला गेलेला, घरात सासूबाई आणि मी. सासूबाईंनी घट बसवून अखंड दिवा लावला होता. बसलेला घट नऊ दिवस जागचा हलवायचा नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, हा त्यांचा नेम. मी भाजी चिरत होते. आधी भांडी वाजली, मग जमीनच थरथरली आणि वरून माती गळू लागली. विळी टाकून मी जी धूम ठोकली ती थेट रस्त्यावर. सासूबाई आत आहेत, हे मला रस्त्यावर पोचल्यावर आठवलं.

समोर डोक्यावर शिंगाड्यांची टोपली घेतलेली एक बाई उभी होती. कुठल्या तरी तलावाकाठच्या गावची असावी, मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"घरात कोणी आहे का वं?" तिनं विचारलं. मी नुसतं दाराकडे बोट दाखवलं. तीच आत शिरली, तेव्हा कुठे मी तिच्या मागे गेले.

घटामागची भिंत पावसाळ्यात ओल धरलेली, ती वरपासून खालपर्यंत तडकली होती. सासूबाई दिव्याला पदराचा आडोसा करून बसल्या होत्या.

"आई, चला ना, पाया पडतो तुमच्या," मी रडकुंडीला आले.

"तुले जाचं तं जाय. मले कायले ओढून राहिली? घट उठल्याशिवाय मी उठत नाही."

जमीन पुन्हा हलेल या धास्तीनं मी सारखी दाराकडे पाहत होते. देवीचं नावसुद्धा तोंडात येईना. त्या बाईनं घटाकडे पाहिलं. तो वीतभर सरकून तिरपा झाला होता.

"माय," ती शांतपणे म्हणाली, "घट तं देवीनंच हलवला. तिलेच बाहेर जाचं आहे, अन् तू काहून अडवून राहिली?"

सासूबाई घटासमोरून बाजूला सरकल्या. बाईनं शिंगाडे जमिनीवर ओतले, रिकाम्या टोपलीत घट ठेवला आणि डोक्यावर घेतला. सासूबाईंनी दिवा उचलला. आम्ही अंगणातल्या चिंचेखाली पोचलो आणि दुसरा हादरा आला. भिंत आतल्या बाजूला कोसळली, सासूबाई बसल्या होत्या नेमकी तिथेच.

लोक जमले तोवर ती बाई निघून गेली होती. ती देवी होती असं मी म्हणत नाही. तिच्या टाचांना भेगा होत्या, आणि तिचे शिंगाडे आमच्या मातीत गेले. अजूनही जड ट्रक गेला की मी हातातलं काम टाकून दाराकडे वळते.

दसऱ्याला मी सासूबाईंजवळ कबूल केलं, "आई, मी तुमाले सोडून पळाली होती."

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तू रस्त्यावर पळाली नसती तं त्या बाईले घरात कोणं आणलं असतं?"

माझी भीतीसुद्धा देवीनं वाया जाऊ दिली नाही. तेव्हापासून मी तिच्याजवळ धीर मागत नाही. घाबरलेली असले तर घाबरलेलीच तिच्यासमोर बसते, आणि हात जोडते.