अर्धवट पुसलेला मुखवटा

चंद्रशेखर सबनीसांची नोकरीतली सगळी वर्षं पत्र्यावरच्या रंगात गेली. नागपूरला केमिस्ट्री शिकून ते अमेरिकेत आले आणि डेट्रॉइटजवळच्या एका मोटार कारखान्याच्या पेंट लॅबमध्ये लागले. रंग पत्र्याला का धरतो, का फुगतो, त्याखाली गंज कुठून शिरतो, हेच त्यांचं काम. ते राहत त्या नोव्हाय गावातल्या मराठी मंडळींत कुणाच्या गाडीला ओरखडा गेला की पहिला फोन त्यांना यायचा.

१९८४च्या उन्हाळ्यात शेजारचा वॉल्टर एक खोकं घेऊन आला. त्याची बहीण बरीच वर्षं पश्चिम आफ्रिकेत, माली देशात शाळामास्तरीण होती. ती वारल्यावर तिच्या सामानात एक लाकडी मुखवटा निघाला. तो गावातल्या लहानशा म्युझियमला द्यायचा होता, पण असा घाणेरडा कसा द्यायचा? चंद्रशेखरनी तो जरा क्लीन करून द्यावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मुखवटा गॅरेजमधल्या टेबलावर ठेवला. मगरीसारखा लांब जबडा, वर हरणाची शिंगं, मधे खोचलेले साळिंदराचे काटे. आणि सगळ्यावर करड्या-तपकिरी रंगाचा जाड, भेगाळलेला थर. चंद्रशेखरनी कापसाचा बोळा सॉल्व्हंटमध्ये बुडवला आणि एका गालापासून सुरुवात केली. तळहाताएवढी जागा साफ झाली. खालचं लाकूड काळंभोर आणि गुळगुळीत होतं. ते खूश झाले.

तेवढ्यात त्यांची बायको सुनेत्रा चहा घेऊन आली. वर्तमानपत्रावर पडलेली एक खपली तिने बोटांत चुरडून पाहिली.

"यात दाणे आहेत हो, बाजरीसारखे," ती म्हणाली. "कुणीतरी नैवेद्य दाखवलाय याला. तुम्ही पुसताय काय?"

चंद्रशेखरनी बोळा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ती खपली त्यांनी लॅबमधल्या मायक्रोस्कोपखाली धरली. गाडीवर रंगाचे मोजके थर असतात. इथे पुटावर पूट चढलेलं होतं. माती, तेल, धान्य आणि बहुधा रक्त. एक वाळल्यावर दुसरं, मुद्दाम लावलेलं. त्यांना गावाकडचा शेंदराने फुगलेला म्हसोबा आठवला. त्यातला देव कुठला, आतला दगड की वरचा शेंदूर, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आता पडला.

मग ते लायब्ररीत गेले. पुस्तकात लिहिलं होतं की हा मालीतल्या बामाना लोकांच्या कोमो नावाच्या गुप्त मंडळाचा मुखवटा. त्याचे प्रमुख लोहार. मगरीचा जबडा, हरणाची शिंगं, साळिंदराचे काटे, या सगळ्या प्राण्यांचं बळ एका जागी आणलेलं. प्रत्येक नैवेद्यागणिक त्याची शक्ती वाढते. आणि तो सहजासहजी कळू नये असाच घडवलेला असतो. हे शेवटचं वाक्य चंद्रशेखर पुन्हा पुन्हा वाचत बसले. कळू नये म्हणून केलेली वस्तू समजून घ्यायची तरी कशी?

युनिव्हर्सिटीत चौकशी केल्यावर मालीचा एक विद्यार्थी भेटला, बकारी. तो घरी चहाला आला, पण गॅरेजच्या दाराशी थांबला. तो सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होता, शहरात वाढलेला, वडील कट्टर मुसलमान. आजोबा कोमोत होते म्हणे, पण त्याला स्वतःला काही ठाऊक नव्हतं. शिवाय बाजारात विकायला असे नवे मुखवटे करतात, जुने दिसावेत म्हणून त्यांना चिखल फासतात, असंही त्याने सांगितलं. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "हा बायकांनी पाहायचा नसतो. एवढं मात्र मला माहीत आहे."

"तुझा त्यावर विश्वास आहे?" चंद्रशेखरनी विचारलं.

"नाही," बकारी म्हणाला. "पण मी आत येणार नाही."

तो गेल्यावर चंद्रशेखरनी सुनेत्राला सगळं सांगितलं.

"पाहिलं ते न पाहिलेलं कसं करू?" ती म्हणाली. लहानपणी पुण्याला पर्वतीवर कार्तिकस्वामीच्या देवळाबाहेर ती आईबरोबर उभी राहायची, बायकांनी आत जायचं नाही म्हणून. तेव्हा ना राग आला होता, ना भीती वाटली होती. आता दोन्ही वाटत होतं, आणि ते कशाचं, हे तिला सांगता येत नव्हतं.

आपण आणखी पुसणार नाही, असं चंद्रशेखरनी वॉल्टरला सांगितलं. मग काढलेलं परत चिकटवून दे, तो म्हणाला. गोंदाची चंद्रशेखरना कमी नव्हती. पण नोव्हायच्या गॅरेजमध्ये आपण लावलेलं पूट म्हणजे नेमकं काय होईल, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी सगळ्या खपल्या जॅमच्या बरणीत भरून वॉल्टरच्या हवाली केल्या. वॉल्टर जरा चिडलाच. हे ना धड इकडचं ना धड तिकडचं, असं काहीसं तो पुटपुटला.

म्युझियमने मुखवटा तसाच काचेत ठेवला. उद्‌घाटनाच्या दिवशी सुनेत्राने विचारलं, "मी येऊ का?" चंद्रशेखर गाडी काढायला निघून गेले. शेवटी ती आपली आपणच साडी बदलून गाडीत येऊन बसली.

तिथे लोक सगळ्यात जास्त वेळ त्या पुसलेल्या गालापाशीच थांबत होते. लाकूड किती सुंदर आहे, बाकीचंही साफ करायला हवं होतं, असं एक बाई म्हणाल्या. चंद्रशेखर काही सांगायला पुढे झाले आणि पुन्हा मागे सरले. आपण एका देवाचं तोंड खरवडलं की बाजारातला चिखल, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. सुनेत्रा काचेपुढे उभी राहिली, तिने नमस्कारासाठी हात अर्धे उचलले आणि मग पर्सचा पट्टा नीट केला.

पुढच्या वर्षी म्युझियमने त्यांना एक जुनी घोडागाडी साफ करायला बोलावलं. ती कुणाची, तिच्यातून काय नेत, हा चिखल कुठल्या रस्त्याचा, असं ते इतकं विचारत बसले की शेवटी ते काम दुसऱ्याच कुणाला तरी दिलं गेलं.