सूत सरलं

मराठी भाषेचे जेवढे हाल माझ्या बाबांनी केले, तेवढे कोण्या दुश्मनानंही केले नसतील. आणि नशीब पाहा, मी मराठीचीच शिक्षिका! शाळेत मुलांना शब्दांची व्युत्पत्ती शिकवायची आणि घरी येऊन ऐकायचं काय, तर "जलप्रलयात त्या नोहानं पहिली होडी बांधली ना, म्हणून तिले नाव म्हणतात."

बाबा म्हणजे देवराव, नागपुरातल्या पाचपावलीचे कोष्टी. चाळिशीपर्यंत त्यांनी हातमागावर लुगडी विणली. मग विणकर सोसायटीतून सूत येणं बंद झालं, माग उकलून माळ्यावर गेला आणि बाबा सदर भागातल्या एका ख्रिस्ती ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी करायला लागले. दोऱ्याचा हात होताच. भानगड एकच, बांधायला आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय त्यांच्या हातून सुटायचं नाही. अठ्ठावीस वर्षांत हिब्रू लोकांचं सगळं शास्त्र त्यांनी मराठीतून कितीदा तरी वाचलं. हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं. पण त्यातला प्रत्येक शब्द आपल्या नागपुरातूनच तिकडे गेला, यावर बुवा ठाम!

आदाम म्हणजे आदमी. एस्तेर राणी म्हणजे अस्तर, कारण ती आपल्या लोकांना आतून सांभाळत होती. आणि कहर म्हणजे शब्बाथ. देवानं सहा दिवस राबून जग केलं, सातव्या दिवशी बसून पाहिलं आणि स्वतःलाच म्हणाला, शाबास! झाला शब्बाथ. मी दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा भर गल्लीत बाबा ओरडले, "शब्बाथ, सोनू, शब्बाथ!" मैत्रिणींनी पुढं वर्षभर मला त्याच नावानं हाक मारली. मी घरात तो शब्दच बंद करून टाकला. पुन्हा म्हणाल तर जेवणार नाही, अशी धमकी दिली. बाबा बिचारे गप्प झाले.

पण हौस अशी थोडीच जाते! ती पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, पुस्तकांच्या कडेला उतरत राहिली. हे आम्हाला कळलं गेल्या फेब्रुवारीत, ग्रंथालयाची चिठ्ठी आली तेव्हा. तुम्ही बांधलेल्या चाळीसेक पुस्तकांत समासात लिहिलेलं सापडलं आहे, शुक्रवारी अकरा वाजता हजर राहा, नीट खुलासा झाला नाही तर काम बंद.

बाबांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली.

"माग गेला तं सहन केलं वं," ते आईला म्हणाले. "आता सुई पण काढून घेतीन का हातातली?"

आई, म्हणजे कौशल्या, त्यांना एरवी एका वाक्यात गप्प करते. त्या दिवशी तिनं नुसतं पाणी आणून दिलं. मला रडू येत होतं आणि संतापही होत होता. मी म्हटलं, "बाबा, मी येते सोबत. तुम्ही तोंड उघडायचं नाही. माफी मी मागते."

शुक्रवारी टेबलापलीकडे दोघं होती, ग्रंथपाल शोभाताई आणि तिथंच हिब्रू शिकवणारे आनंदराव. मधे पुस्तकांची चळत, आणि तिच्यावर एक कोरं खोडरबर. शोभाताई एकेक टीप मोठ्यानं वाचू लागल्या. "एस्तेर, अस्तर. शब्बाथ, शाबास. काय आहे हे, देवराव? तुमचं वय काय, करता काय!"

मी हात जोडले. "ताई, माफ करा. ते शिकलेले नाहीत हो, त्यांना समजत नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

इतक्यात आनंदराव पानं उलटता उलटता थांबले. पान ईयोबाचं होतं. ईयोब म्हणजे तो माणूस, ज्याचं घरदार, मुलंबाळं, सगळं गेलं. तो कळवळून म्हणतो, की माझे दिवस विणकराच्या धोट्याहून भरभर पळतात आणि आशेविना संपतात. त्या ओळीशेजारी बाबांनी लिहिलं होतं, "इथे आशा नाही. इथे सूत पाहिजे." आणि खाली चक्क सही!

"हे कशावरून लिहिलं?" आनंदरावांनी विचारलं.

मी बाबांचा हात दाबला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

"साहेब, पंचवीस वर्षं मागावर उभ्या सुतातून इकडून तिकडे धोटा फेकला मी. धोट्याच्या पोटात सुताची कांडी राहते. धोटा जितका जोरात पळते, तितकी कांडी लवकर रिकामी होते. मंग मी काय म्हणत होतो, आशा सरली? नाही जी. कांड्या भरणाऱ्या हिच्या मायले हाक मारत होतो, 'सूत सरलं वं!' ईयोब विणकराची गोष्ट सांगून राहिला ना? धोट्यापर्यंत आला, अन् सूतच काहून विसरन तो? ज्यानं मराठीत लिहिलं, त्यानं माग पाहिला नसन."

"झालं! आणखी एक," शोभाताई म्हणाल्या.

आनंदराव उठले, कपाटातून हिब्रू ग्रंथ काढून आणला आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत ओळीवर आले.

"तिक्वा. मूळ शब्द तिक्वा आहे. अर्थ, आशा."

संपलं सगळं, म्हटलं.

"आणि दुसरा अर्थ, दोर, धागा," आनंदराव म्हणाले. "याच शास्त्रात दुसरीकडे यरीहो शहरातल्या एका बाईनं खिडकीला लाल दोर बांधला, तिथंही हाच शब्द आहे. इथं धोट्याशेजारी येऊन तो दोन्ही सांगतो. आशा सरली, सूतही सरलं. जुन्या पंडितांनी हे ओळखलं होतं. मी अकरा वर्षं हिब्रू शिकलो तेव्हा मला कळलं. तुम्हाला कोणी सांगितलं, देवराव?"

"कोण सांगन साहेब? मागावर बसलो तं समजलं."

आनंदरावांनी खिशातला पेन काढला आणि बाबांच्या सहीखाली लिहिलं, "बरोबर." मग स्वतःची सही केली. शोभाताईंनी खोडरबर उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं.

"काम चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "पण यापुढं वेगळ्या वहीत लिहा. वही मी देते."

"आणि सोमवारी माझ्या वर्गात या," आनंदराव म्हणाले. "धोटा घेऊन."

बाबांना आता काय, चेवच आला! "साहेब, अन् शब्बाथ?"

"साफ चूक. शब्बाथ म्हणजे थांबणं, विसावा घेणं."

"अन् आदमी?"

"आदमी आदामावरूनच आला. पण तिकडून इकडे."

"उलटं कसं होईन?" बाबा घरी पोचेपर्यंत पुटपुटत होते.

सोमवारी माळ्यावरचा धोटा खाली आला. आईनं इतक्या वर्षांनी कांडी भरली आणि "मी नसते तं कुठला तुमचा ईयोब!" म्हणत आमच्यासोबत निघाली. वर्गात तीसेक विद्यार्थी होते. पहिल्या बाकावरच्या दोघांच्या मधे बाबांनी धोटा सरकवायला सुरुवात केली. इकडून तिकडे, तिकडून इकडे, धोटा पळू लागला आणि मागं सूत सुटत गेलं. आनंदराव फळ्यावर हिब्रू अक्षरं लिहीत होते. एकाएकी धोटा नुसताच पळाला, मागं काहीच नाही. बाबा थांबले आणि दाराशी बसलेल्या आईकडे पाहून सवयीनं ओरडले, "सूत सरलं वं!"

आनंदरावांनी फळ्यावरच्या शब्दावर बोट ठेवलं. सगळा वर्ग उभा राहून टाळ्या वाजवू लागला. आई पदरानं डोळे पुसत होती, आणि माझा शिकलेला बाप धोटा छातीशी धरून ताठ उभा होता.

मला राहवलं नाही. मागच्या बाकावरून, भर वर्गात, मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "शब्बाथ, बाबा! शब्बाथ!"

बाबांनी चमकून आधी आनंदरावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ते तं चूक आहे ना वं, सोनू?"

"हाव बाबा, साफ चूक आहे," मी म्हटलं. "शब्बाथ!"