कमानीतला पिंपळ

आमच्या गावाखालच्या ओढ्यावर काळ्या दगडाचा, एकाच कमानीचा जुना पूल आहे. तो कुणी बांधला, हे गावात प्रत्येकजण वेगळं सांगतो. एसटी खालच्या सिमेंटच्या पुलावरून येते. दगडी पूल उरला तो आम्हाला पलीकडच्या भातखाचरांत जायला आणि वरच्या धनगरवाड्यावरच्या एका म्हाताऱ्या धनगराच्या शेळ्यांना; त्यांना सगळं गाव मामा म्हणतं. मी वेल्ह्याच्या बाजारात कपडे शिवते. सुट्टीला घरी आले की आईबरोबर त्याच वाटेनं शेतात जाते.

पुलाच्या बाहेरच्या बाजूला, कमानीच्या जरा वर, दगडांच्या फटीत एक पिंपळ उगवला होता. बघता बघता तो माझ्या खांद्याएवढा झाला. एका सकाळी मामा आमच्या अंगणात येऊन टेकले आणि वडिलांना म्हणाले, “एक दगड निखळून ओढ्यात पडलाय. त्या झाडानं पूल फुटंल.”

“मग तोडा की. कोयता तर कायम तुमच्या हातात असतो,” वडील म्हणाले.

“म्या न्हाई बा. पिंपळावर मुंजा असतो.”

वडील हसले, पण त्यांचाही हात धजणार नव्हता. आम्ही बौद्ध. ज्या झाडाखाली बुद्धांना ज्ञान झालं, त्याच्यावर घाव कसा घालायचा? दोघांनी चहा प्यायला आणि विषय तिथंच राहिला.

भातकापणी उरकली, ओढ्याचं पाणी घोट्यावर आलं. तेव्हा आई जेवता जेवता म्हणाली, “तोडा म्हणतंय कोण? मुळासकट काढू आन् विहाराजवळ लावू.”

पुढच्या सुट्टीला आम्ही चौघं पुलाखाली उतरलो. मामांनी बांबूची शिडी धरली, वडील वर चढले, मी पुलावर पालथी पडून झाडाचा शेंडा हातात घेतला. वडील पहारीच्या टोकानं जुना चुना हळूहळू उकरत होते. मुळं दगडांमध्ये शिरून पट्ट्यासारखी चपटी झाली होती. बरीचशी सुटली. एक मात्र इतकं आत गेलं होतं, की ते कापल्याशिवाय झाड निघणार नव्हतं.

वडील थांबले. त्यांनी खाली मामांकडं पाहिलं. मामा ओढ्याच्या पाण्याकडं बघत राहिले.

“उतरा खाली,” आई म्हणाली. तिनं पदर खोचला, मामांच्या हातातला कोयता घेतला आणि शिडी चढली. कापण्याआधी तिनं मुळावर तळहात ठेवला. मग एकाच घावात ते तोडलं. झाडाचा सगळा भार माझ्या हातात आला.

घराच्या बांधकामातून उरलेलं सिमेंट आणि ओढ्यातली वाळू कालवून वडिलांनी भोक बुजवलं. पडलेला दगड मात्र बराच खाली वाहून गेला असावा. तो सापडला नाही. त्या जागी दुसरा बसवला. अजून तो वेगळा ओळखू येतो.

पिंपळ आम्ही विहाराच्या मागं लावला. आठवड्याभरात पानं गळून नुसती काठी उरली. आई तरी रोज कळशीभर पाणी घालायची. मामांनी स्वतःच्याच शेळ्यांपासून वाचवायला भोवती काट्यांचं कुंपण केलं. फाल्गुनात काठीला तांबूस पानं फुटली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात एका शेळीनं कुंपणात मान घालून शेंडा खाल्ला.

मामा घरी आले ते दारातच उभे राहिले. “माझ्याच शेळीनं खाल्ला,” म्हणाले.

“फुटंल पुन्हा,” वडील म्हणाले. “बसा तर खरं.”

तो फुटला, पण बाजूनं. त्यामुळे झाड जरा वाकडं वाढतंय. मागच्या सुट्टीला गेले तेव्हा मामा त्याला बांबूचा टेकू देत होते. मला म्हणाले, “सुतळी धर जरा.” मी धरली, आणि त्यांनी गाठ मारली.