"दृष्ट गाडीत काढा" म्हणणाऱ्या डॉक्टरबाई

डॉ. झुबेदा खोत यांच्या चौक गावातल्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले ती ताप घेऊन, अकरावीत असताना. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अभ्यास कुठे करतेस?" आमच्या ठाकूरवाडीतलं घर एका खोलीचं. मी तेवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दवाखाना बंद असताना तिथलं बाकडं माझं झालं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्या पदवीत त्या बाकड्याचा वाटा आहे.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या कामाविषयी पुष्कळ जण लिहितील. मी एकाच दुपारविषयी लिहिते.

मी शेवटच्या वर्षाला होते. अंगणात लाकडं फोडताना आईने एकाएकी कुऱ्हाड टाकली आणि डोकं धरून खाली बसली. "डोस्क्यात कुनी दगुड घातला गं," एवढंच म्हणाली आणि तिला उलटी झाली. बाबा मोहोपाड्याला कामावर होते. काकी मीठ-मिरच्या घेऊन धावली. "बाजारात कुनाची तरी नजर लागली. आदी उतरवते, मंग झोपू दे तिला."

मी बाईंना फोन केला.

"हळूहळू वाढलं की एकदम?"

"एकदम."

"असं पूर्वी कधी दुखलं होतं?"

"नाही."

"मग गोळी देऊ नकोस. माझ्याकडेही आणू नकोस, माझ्याकडे स्कॅनचं मशीन नाही. थेट पनवेलला न्यायचं. मी फाट्यावर उभी राहते."

रुग्णवाहिका यायला वेळ लागणार होता, म्हणून शेजारच्या गणपतदादांनी आपली इको गाडी काढली. पण काकी दारात आडवी. दृष्ट काढल्याशिवाय उंबरा ओलांडू देईना. फोन स्पीकरवर होता. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काकी, जरूर काढा. पण गाडीत बसून काढा."

काकीने खरंच गाडीत मिरच्या ओवाळल्या. "जाळू नको गं, सीएनजी हाय!" गणपतदादा ओरडले. फाट्यावर बाई चढल्या. थोडं पुढे गेल्यावर आई म्हणाली, "आता जरा बरं वाटतंय."

"बगा, उतरली! फिरव रं गनपत!"

गाडीचा वेग कमी झाला. माझंही मन घराकडेच ओढलं.

"उतरली असेल तर चांगलंच," बाई म्हणाल्या, "पण गाडी फिरणार नाही. असं दुखणं थांबलं तरी तपासावंच लागतं."

स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्तस्राव दिसला. शस्त्रक्रिया झाली आणि आई वाचली. तिचा डावा हात अजून जरा अशक्त आहे. लाकडं आता बाबा फोडतात.

त्यानंतर बाई वाड्यावाड्यांत हेच सांगत फिरल्या. नेहमीच्या डोकेदुखीला घाबरू नका. पण एका झटक्यात उठलेली, आयुष्यात कधी न अनुभवलेली डोकेदुखी असेल तर थांबू नका. डोकेदुखीबरोबर मान ताठ होणं, ताप, झटके, बेशुद्धी, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं किंवा अंधुक दिसणं असेल, डोक्याला मार लागला असेल, दुखणाईत स्त्री गरोदर किंवा बाळंतीण असेल, तरी लगेच रुग्णालय गाठा.

एकदा मी जरा चिडूनच विचारलं, "दृष्ट वगैरे खोटं असतं, हे तुम्ही काकीला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की," त्या हसल्या. "तुझी आई घरी परतल्यावर. पटलं नाही तिला. पण आई घरी होती."

येत्या समारंभात काकी बाईंचीच दृष्ट काढणार आहे. बाईंनी होकारही दिला आहे. त्यांना ठणठणीत दीर्घायुष्य लाभो. त्यांच्यासाठी कधी गाडी काढावी लागू नये, आणि आमच्यापैकी कुणासाठी काढावी लागलीच, तर फाट्यावर त्या उभ्या असाव्यात.