मोकळी जोडी

कुणाच्याही घरी गेले की जोडीकाका आधी फोन उचलायचे. पाण्याचा पेला हातात यायच्या आत रिसीव्हर कानाला. डोळे मिटून आतली ती घूंऽऽ ऐकायची, मान डोलवायची आणि जाहीर करायचं, "जिवंत आहे." मग रिसीव्हर जागेवर. नंबर कधी फिरवायचे नाहीत. यजमानांना वाटायचं, हे आपल्याला नाही, आपल्या फोनलाच भेटायला आलेत. आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

नव्वदच्या दशकात सुरतेत टेलिफोन इंजिनिअर आणि सल्लागारांचं आमचं एक मंडळ होतं, त्याचे काका सेक्रेटरी. मूळचे अमरावतीचे. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, पण सुरतेचं पाणी त्यांच्या वऱ्हाडी बोलीला काही लागलं नव्हतं. मंडळात आम्ही वीसेक जण. काही खात्यातले निवृत्त, काही माझ्यासारखे पांडेसऱ्याच्या मिलवाल्यांना इंटरकॉम कुठला घ्यावा ते सांगून पोट भरणारे. पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानावर एक खोली भाड्यानं घेतली होती. तिथे पाटी होती, पंखा होता, दोन लाकडी कपाटं होती. फक्त फोन नव्हता.

टेलिफोनवाल्यांचं मंडळ, आणि सभेची सूचना पोस्टकार्डानं! काकांच्या टपोऱ्या अक्षरातलं कार्ड आलं की माझी बायको म्हणायची, "तुमच्या आधुनिक संदेशवहनाचं पत्र आलंय."

फोन का नव्हता, तर जोडी नव्हती म्हणून. प्रत्येक फोनला तांब्याच्या दोन तारा लागतात. सारं खातं त्याला 'पेअर' म्हणायचं, काका एकटे 'जोडी' म्हणायचे. त्यांचं नाव त्यावरूनच पडलं. आमच्या भागातल्या केबलमधल्या सगळ्या जोड्या गुंतलेल्या होत्या. कुणाची मोकळी झाली की ती रांगेतल्या पुढच्याला. आमचे अध्यक्ष देसाईभाई मोठे खटपटे. दर सभेत म्हणायचे, "अरे साहेब, एक चिठ्ठी लखी दऊं, काले फोन!" म्हणजे चिठ्ठी लिहिली की उद्या फोन हजर. काका चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "देसाईभाई, तीस वर्षं मी लोकायले सांगितलं, रांगेत उभे राहा. आता मीच मागच्या दारानं जाऊ काय?" देसाईभाई हात जोडायचे आणि चहा मागवायचे.

एकदा काकांनी मंडळाच्या दारावर कागद चिकटवला : 'मंडळास जोडी मिळेपर्यंत सर्व संपर्क पत्राने करावा.' दुसऱ्याच रविवारी, त्या कागदाबद्दल कुणाकडून तरी ऐकून, उधन्याहून एक मराठी गृहस्थ जिने चढून वर आले. धाप लागलेली, बगलेत मुलाची पत्रिका आणि फोटो. त्यांना वाटलं, वधूवर मंडळ आहे! आम्ही हसून हसून टेबलावर कोसळायच्या बेतात. काका मात्र गंभीर. त्यांनी गृहस्थांना बसवलं, पत्रिका पाहिली, फोटो उजेडात धरला. मुलगा बँकेत होता आणि बदली झाली होती नेमकी अमरावतीला. काकांची मुलगी मंदा लग्नाची होती. सहा महिन्यांत बार उडाला. काका मांडवात सगळ्यांना सांगत होते, "मंडळाले नाही भेटली जोडी, पण पोरीले भेटली बाप्पा!"

मंदा अमरावतीला गेली आणि काकूंचं घर एकदम मुकं झालं. नोकरीतला घरचा फोन काकांनी निवृत्तीच्या दिवशी स्वतःच्या हातानं काढून खात्यात जमा केला होता, आणि नव्या फोनसाठी ते रांगेत होते. काकू आठवड्यातून एकदा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जायच्या. मागे माणसं ताटकळत उभी, समोर मीटरचे लाल आकडे पळतायत, अशात काकूंना 'कशी आहेस'च्या पुढे काही सुचायचंच नाही. एकदा मला म्हणाल्या, "साऱ्या गावाले फोन देऊन आले हे, अन् घरात मी पोरीच्या आवाजाले तरसून राह्यली." काका शेजारीच होते. रिकाम्या कपातला चहा पीत राहिले.

आणि एक दिवस एक जोडी मोकळी झाली. एकच. रांगेत काकांचा घरचा अर्ज आधी, मंडळाचा त्याच्या लगेच मागे. आम्ही सगळे गालातल्या गालात खूश. एवढा तत्त्वाचा माणूस, हा काय स्वतःला घेतोय? मंडळालाच देणार! देसाईभाईंनी तर भिंतीला खिळा ठोकून फोनसाठी फळीही लावली. काकांनी ती फळी पाहिली आणि म्हणाले, "फळी चांगली आहे. पण नंबर माझा लागला. रांग म्हणजे रांग." आणि जोडी घरी घेऊन गेले. देसाईभाई महिनाभर फुगून होते. मला मात्र त्या दिवशी काका फार आवडले. ज्या रांगेसाठी बायकोला इतकी वर्षं थांबवलं, ती रांग तिच्या बाजूची झाल्यावर ते मोठेपणा मिरवायला गेले नाहीत.

त्यानंतर त्या घरात मी गेलो की काकू फोनजवळच्या खुर्चीत. मंदाला लोणच्याचं मीठ सांगतायत, जावयाचा खोकला विचारतायत. कुणाशी बोलायचं नसलं तरी मधूनच रिसीव्हर उचलायच्या, नवऱ्याची नक्कल करत डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "जिवंत आहे." काका लटक्या रागानं म्हणायचे, "झालं! माझी नोकरी गेली."

दोन वर्षांनी मंदाचं बाळंतपण आलं. काकू अमरावतीला गेल्या, मागोमाग काकाही. महिनाभर काही कळलं नाही. मग देसाईभाईंच्या पत्त्यावर ओळखीच्या टपोऱ्या अक्षरात एक कार्ड आलं : 'जोडी मोकळी झाली आहे. मंडळाचा अर्ज पुढे करावा. सोमवारी सुरतेस येतो.'

आम्ही सगळे टेलिफोनवाले. जोडी म्हटलं की आम्हाला तारा दिसतात. काका कायमचे अमरावतीला निघाले, म्हणून फोन सोडतायत, असं ठरवून आम्ही मोकळे झालो. देसाईभाईंनी अर्धा किलो पेढे घेतले. सोमवारी संध्याकाळी काकांच्या घरी आम्ही चौघे 'अभिनंदन काका!' असं जिन्यातूनच ओरडत वर गेलो.

दार उघडंच होतं. काका काकूंच्या खुर्चीत बसले होते. डोक्यावरचे केस काढलेले.

देसाईभाईंच्या हातातला पुडा तसाच राहिला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाळंतीण, बाळ सुखरूप होतं. काकूंनाच तापानं चार दिवसांत नेलं होतं. काकांनी आमच्याकडे पाहिलं, पुड्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या सारं ध्यानात आलं. म्हणाले, "वाचण्यात तुमची चूक नाही बाप्पा. घरचा फोन सोडला, म्हणून मी तारांचंच लिहिलं होतं. पेटीत टाकल्यावर मले समजलं, काय लिहून बसलो ते." मग स्वतः पुडा सोडला, प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. "खा. मंडळाचा नंबर लागला. अन् नातू झाला, त्याचाही समजा."

पंधरा दिवसांनी देसाईभाईंच्या फळीवर फोन बसला. सगळे जमले. रिसीव्हर पहिल्यांदा उचलायचा मान अर्थातच काकांचा. त्यांनी तो कानाला लावला, डोळे मिटले. आम्ही त्या दोन शब्दांची वाट पाहत उभे. खाली साड्यांच्या दुकानात कुणीतरी गिऱ्हाईकाशी घासाघीस करत होतं. काका ऐकत राहिले, बराच वेळ. मग डोळे न उघडताच त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"तू सांग," म्हणाले.

मी कानाला लावला. घूंऽऽ अगदी स्वच्छ होती.

"जिवंत आहे, काका," मी म्हणालो.